चाळिशीत ऑटिझम कळला, तर खर्च किती?

माझ्या वहीतली पहिली नोंद शून्य रुपयांची आहे. समोर लिहिलंय : ‘प्रश्नावली, ५० प्रश्न, रात्री पावणेदोन.’ दुसरी नोंद साडेअठरा हजारांची, आणि ते सगळे पैसे पाण्यात गेले. तिसरी वीस रुपयांची. खरं काम त्या विसांत झालं.

मी पुण्यात एका कंपनीत हिशेब बघते. ऑटिझम आहे हे कळलं तेव्हा एक्केचाळीस पूर्ण होत आले होते. तोवर मी तुसडी, शिष्ट, नाहीतर ‘हुशार आहे, पण...’ अशी होते. त्या ‘पण’च्या पुढे काय, ते कोणी सांगत नसे. कळल्यावर मी नेहमी करते तेच केलं, नवी वही घातली. तीन वर्षांत तिच्यात जे जमलं ते इथे देते आहे. खासगी फीचे आकडे पुण्या-मुंबईचे आणि ढोबळ आहेत. लहान शहरात फी थोडी कमी, पण मोठ्या माणसांचं निदान करणारं कोणी गावात सापडेलच असं नाही. मग एसटीचं भाडं, लॉज आणि बुडालेली रजा धरली की फरक फारसा उरत नाही.

माझे सगळ्यात जास्त पैसे कुठे गेले म्हणाल, तर क्रम चुकण्यात. म्हणून हा मजकूरही क्रमानेच लिहिते.

आधी फुकटातलं

केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी २००१ साली ‘ऑटिझम स्पेक्ट्रम कोशंट’ नावाची प्रश्नावली तयार केली. ती इंटरनेटवर फुकट मिळते. पन्नासपैकी ३२ किंवा त्याहून जास्त गुण आले, तर तज्ज्ञांकडे जाण्यात अर्थ आहे, एवढंच ती सांगते. चिंतेचा त्रास असलेल्या किंवा मुळात बुजऱ्या माणसालाही तिच्यात बरेच गुण पडतात. शिवाय ती इंग्लंडच्या माणसांसमोर ठेवायला लिहिलेली आहे. पार्टी आवडते की वाचनालय, असं ती विचारते. आपल्याकडे प्रश्न असा हवा : हळदीकुंकवाला गेल्यावर वाण हातात पडायच्या आधीच चपला शोधायला लागता का?

गुण भरपूर आले म्हणून मी दुसऱ्याच आठवड्यात एका चकचकीत केंद्रात गेले आणि तिथे ‘ब्रेन मॅपिंग’ करून घेतलं. डोक्याला तारा लावल्या, मेंदूचा लाल-पिवळा रंगीत नकाशा छापून दिला, वर चाळीस बैठकांचं पॅकेज सुचवलं. साडेअठरा हजार. पुढे ज्या डॉक्टरांनी निदान केलं, त्यांनी तो नकाशा उलटून पाहिला आणि शांतपणे परत दिला. ऑटिझम दाखवणारी रक्ताची तपासणी नाही, स्कॅन नाही, मेंदूचा आलेख नाही. फिट येत असतील तर ईईजी करतात, पण त्याचं कारण वेगळं. निदान होतं ते बोलून, निरीक्षण करून आणि तुमचा पूर्वेतिहास खोदून. यंत्र दाखवून कोणी पैसे मागितले, तर तिथून उठा.

निदान कोणाकडे आणि कितीला

दोन प्रकारची माणसं हे करू शकतात. एक मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. दुसरे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, ज्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. ही परिषद १९९२च्या कायद्याने आलेली आहे आणि तिच्या नोंदणीपुस्तकातला क्रमांक विचारायला लाजू नका. समुपदेशक, लाइफ कोच, हिप्नोथेरपिस्ट यांच्याकडून दुसरी मदत मिळेलही, पण त्यांचा कागद पुढे कुठेच चालत नाही.

फोनवरच चार गोष्टी विचारून घ्या. मोठ्या माणसांचं निदान करता का? गेल्या वर्षात किती केली? लेखी अहवाल मिळतो का? आणि सगळं मिळून किती? शेवटचा प्रश्न विशेष, कारण ‘एका बैठकीचे दोन हजार’ ऐकून आपण खूश होतो आणि बैठका सात निघतात. माझ्या चौकशीत मनोविकारतज्ज्ञांची पहिली भेट हजार ते अडीच हजार रुपयांत बसत होती. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं संपूर्ण मूल्यमापन, लेखी अहवालासह, आठ हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत जात होतं. ‘एडॉस-२’ नावाची निरीक्षणाची प्रमाणित पद्धत आहे आणि तिचा चौथा भाग बोलत्याचालत्या मोठ्या माणसांसाठी आहे. ती शिकलेली माणसं आपल्याकडे थोडी, म्हणून ती केली की बिल चढतं. अनुभवी तज्ज्ञ तिच्याशिवायही निदान करतात.

सरकारी वाट स्वस्त आहे आणि हळू आहे. पुण्याचं ससून, मुंबईतली केईएम आणि नायर यांचे मानसोपचार विभाग, गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था, आणि फारच गुंतागुंत असेल तर बेंगळुरूचं निमहान्स. वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि महापालिकेच्या रुग्णालयांत केस पेपरला दहा-वीस रुपये पडतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे जिल्ह्याच्या सिव्हिलपासून ग्रामीण रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. माझी वीस रुपयांची नोंद अशाच एका मोठ्या सरकारी ओपीडीतली. साडेतीन तास बाकावर बसले, ट्यूबलाइटची गुणगुण सहन केली. पण आत गेल्यावर एका निवासी डॉक्टरने दीड तास विचारलं, तेवढं मला जन्मात कोणी विचारलं नव्हतं.

जाताना काय न्यायचं, ते सांगते, कारण ते फुकट आहे आणि बहुतेक जण विसरतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३च्या पाचव्या निदानपुस्तिकेने अ‍ॅस्पर्गरसारखी वेगवेगळी नावं मोडून एकच ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’ केला. तिची एक अट अशी की लक्षणं लहानपणापासून असायला हवीत. चाळिशीत हे सिद्ध कसं करणार? शाळेची प्रगतिपुस्तकं न्या. माझ्या तिसरीच्या पुस्तकात लिहिलंय, ‘वर्गात बोलत नाही. हस्ताक्षर उत्तम. मधल्या सुट्टीत एकटी असते.’ आई किंवा मोठं भावंड असेल तर त्यांना न्या. माझी आई तिथे म्हणाली, ‘‘डॉक्टर, हिचे वडील असेच होते हो. कार्य कुणाचंही असो, पंगत बसायच्या आधी गच्चीवर. मी जाऊन हात धरून आणायचे.’’ डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मी खाली मान घालून नखं बघत बसले. बाबांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

जाता जाता शब्दाबद्दल. मराठीत ‘स्वमग्नता’ रूढ आहे आणि सरकारी कागदावर तोच येतो. मला तो आवडत नाही. मी स्वतःत मग्न असते, असं ऐकणाऱ्याला वाटतं. खरं तर माझ्या आत जगाचाच आवाज फार येतो. अर्जात स्वमग्नता लिहा, घरात ऑटिझम म्हणा.

दाखला काढायचा की नाही

निदान आणि दिव्यांगत्वाचा दाखला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निदान स्वतःला कळण्यासाठी, दाखला सरकारला कळण्यासाठी. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि ऑटिझम त्यांतला एक. दाखल्यासाठी ‘इसा’ हे भारतीय मोजमाप लावतात. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणजे कमीत कमी ४० आणि जास्तीत जास्त २००. ७०च्या खाली ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. गुणांवरून टक्के ठरतात. ७० गुणांना ४० टक्के धरतात आणि बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासूनच सुरू होतात.

इथे एक खाच आहे. या मोजमापात बोलणं, प्रतिसाद, हालचाली यांवर भर आहे. चाळीस वर्षं लोकांकडे बघून वागणं पाठ केलेला, नोकरी करणारा, व्यवस्थित बोलणारा माणूस त्यात ६५वर अडकू शकतो, मग घरी आल्यावर तो अंधारात दोन तास पडून का राहीना. तेव्हा दाखला देणाऱ्या वैद्यकीय मंडळापुढे जाताना ‘सगळं ठीक आहे’ हा रोजचा चेहरा घेऊन जाऊ नका. खोटं बोलायचं नाही, पण वाईटातला वाईट दिवस कसा जातो ते लिहून न्या. मी दोन पानं लिहून नेली होती, कारण समोर तीन अनोळखी माणसं बसली की माझं बोलणं बंद पडतं. कागद वाचला गेला.

दाखला आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, दोन्ही मोफत आहेत. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, आपल्या जिल्ह्यातलं रुग्णालय निवडायचं आणि तारखेला जायचं. २०२४च्या दुरुस्तीनंतर दाखल्यासाठी तीन महिन्यांची मुदत धरली आहे. कार्डाचे रंगही ठरले : ४० टक्क्यांखाली पांढरं, ४० ते ८०च्या आत पिवळं, ८० आणि त्यावर निळं. माझा प्रत्यक्ष खर्च असा : झेरॉक्स आणि फोटो १६० रुपये, रिक्षा तीन खेपांचे ९२० रुपये, रजा अडीच दिवस. सेवा केंद्रातल्या पोराने फॉर्म भरायचे शंभर घेतले ते वेगळे. बाहेर उभं राहून ‘टक्के वाढवून देतो’ म्हणणारा एक जण भेटला होता. त्याचा भाव मी विचारला नाही.

मिळतं काय? सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण, पण त्यातला ऑटिझमच्या वाट्याचा १ टक्का बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासोबत वाटून. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के जागा आणि वयात पाच वर्षांची सूट. स्पर्धा परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा. एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत. उत्पन्न फारच कमी असेल तर संजय गांधी निराधार योजना, जिच्यात दिव्यांगांची रक्कम ऑक्टोबर २०२५पासून महिना अडीच हजार झाली. माझ्यासारख्या खासगी नोकरीतल्या बाईला यातलं थोडंच उपयोगी. तरी मी दाखला काढला. कशासाठी, ते पुढे येईलच.

करातलं गणित

दाखला काढा, कर वाचतो, असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. अर्धं खरं आहे. जुन्या करपद्धतीत स्वतः दिव्यांग असलेल्या करदात्याला कलम ८०-यू खाली ७५,००० रुपयांची सरसकट वजावट मिळते आणि ८० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर १,२५,००० रुपयांची. दिव्यांग माणूस अवलंबून असेल तर तेवढीच रक्कम सांभाळणाऱ्याला ८०-डीडी खाली मिळते. दोघांनी एकाच माणसासाठी दोन्ही वजावटी घ्यायच्या नाहीत. बिलं जोडावी लागत नाहीत, खर्च कमी झाला तरी वजावट पूर्ण. ऑटिझमसाठी दाखला १०-आयए या नमुन्यात लागतो, हे मात्र मंडळाकडे आठवणीने सांगा. साध्या दाखल्यावर अडकलेली माणसं मी पाहिली आहेत. १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा लागू, तेव्हा कलमांचे क्रमांक सीएकडून ताडून घ्या.

आता पैशात. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर ७५,००० वर उपकरासह २३,४०० रुपये वाचतात, २० टक्क्यांत १५,६००. पण नव्या पद्धतीत ही वजावटच नाही. आणि २०२५-२६पासून नव्या पद्धतीत पगारदाराचं पावणेतेरा लाखांपर्यंतचं उत्पन्न तसंही करमुक्त ठरतं. म्हणजे पगार दहा लाख असेल तर ८०-यूसाठी जुन्या पद्धतीत राहणं म्हणजे पंधराशेच्या साडीवर सवलत मिळते म्हणून मुंबईला टॅक्सीने जाणं. घरकर्जाचं व्याज आणि घरभाडं मोठं असेल तर दोन्ही गणितं मांडून बघा. माझ्या बाबतीत नवी पद्धतच स्वस्त निघाली.

हमखास वाचतो तो व्यवसाय कर. महाराष्ट्रात तो वर्षाला २,५०० रुपये आहे आणि दिव्यांगांना माफ आहे. २०२३च्या दुरुस्तीने ही माफी २०१६च्या कायद्यातल्या दिव्यांगांपर्यंत आली. पगारविभागाला दाखल्याची प्रत दिली की कपात थांबते. रक्कम लहान, पण निवृत्तीपर्यंत मोजा.

रोजचा खर्च

इथे वही जाड होते.

ऑटिझमवर औषध नाही. त्याच्यासोबत येणाऱ्या चिंता, नैराश्य, झोपमोड यांवर आहे, आणि मोठ्या वयात निदान झालेल्या पुष्कळ जणांना ते लागतं. नेहमीची औषधं जेनेरिक घेतली तर महिना काही शेकड्यांत भागतो. डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रात चौकशी करा.

मानसोपचाराची बैठक हजार ते तीन हजार. आठवड्याला एक धरली तर महिन्याला चार ते बारा हजार, म्हणजे मध्यम पगाराचा मोठा घास. मी सुरुवातीचे तीन महिने दर आठवड्याला गेले, मग पंधरवड्याला, आता दोन महिन्यांतून एकदा. थेरपिस्टला आधीच विचारा की ऑटिझम असलेल्या मोठ्या माणसांसोबत काम केलंय का. नजरेला नजर द्यायला शिकवू लागले, तर पैसे जपून ठेवा. मला नजर देता येत नाही हा माझा प्रश्न कधीच नव्हता. कधी थकतेय हे कळत नाही, हा होता. ते कळायला लागलं ते ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, आठशे रुपयांच्या सहा बैठकांत. कोणता आवाज, कोणता कपडा, कोणता उजेड किती खातो, हे तिने माझ्याकडून तक्त्यात भरून घेतलं. हिशेबनीस बाईला तक्ता दिला की ती बरी होते.

त्या तक्त्यावरून झालेली खरेदी : फोमचे कानातले बोळे, पन्नास रुपयांना जोडी. कारखान्यात वापरतात तसे कानावरचे इअरमफ बाराशेला. आवाज गिळणारे हेडफोन तीन हजारांपासून तीस हजारांपर्यंत मिळतात. मी साडेचार हजारांचे घेतले आणि लक्ष्मी रस्त्यावर गणपतीच्या दिवसांत वापरून पाहिले. ढोलापुढे ते हरतात, इअरमफ जिंकतो. घरातल्या दोन ट्यूब काढून पिवळे दिवे लावले, ३८० रुपये. कुर्त्यांच्या मानेमागची लेबलं उसवली, फुकट. एकाच दुकानातून एकाच मापाचे, एकाच कापडाचे पाच सुती कुर्ते घेतले. ऑफिसात कुणी काही म्हटलं नाही. म्हणतील या भीतीने मी वीस वर्षं टोचणारी जॉर्जेट नेसले होते.

सगळ्यात मोठी ओळ मात्र रिक्षाची. गर्दीच्या बसमधून गेले तर तिकीट वीसच्या आसपास, पण पोचल्यावर पहिला तास कामाचा उरत नाही. रिक्षाने एकशे चाळीस. पहिल्या वर्षी मी रिक्षावर अठ्ठावीस हजार घातले आणि अपराधी वाटून घेतलं. मग त्याआधीच्या दहा वर्षांत मी तीन नोकऱ्या सोडल्या होत्या, दोनदा पुढची हातात नसताना, त्या महिन्यांचा बुडालेला पगार मांडला. ती रक्कम इथे लिहीत नाही. रिक्षा चालू ठेवली. नंतर साहेबांशी बोलून कामाची वेळ साडेदहा केली आणि बस रिकामी मिळू लागली.

नोकरीत सांगावं का

सांगण्याला पैसे पडत नाहीत, न सांगण्याला पडतात. पण सांगितल्याने नोकरी धोक्यात आलेली माणसंही मला माहीत आहेत, म्हणून सरसकट सल्ला देत नाही. कायद्याची बाजू अशी : २०१६च्या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे खासगी कंपनीसह प्रत्येक आस्थापनेकडे समान संधी धोरण असायला हवं. ते मनुष्यबळ विभागाकडून मागा. नुसतं मागण्यावरूनही समोरच्याचा चेहरा बघून बरंच कळतं, आणि चेहरे वाचता येत नसले तर ईमेलने मागा. मग हवं ते नेमकं लिहून द्या. माझी यादी : प्रिंटरशेजारची जागा सोडून भिंतीकडची द्या, तोंडी सांगितलेलं काम ईमेलवर द्या, केक कापायला बोलावू नका. कंपनीचा खर्च शून्य. यासाठी मी दाखला दिला. तो नसता तर ही माझी नाटकं ठरली असती. ऐकलंच नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. कार्यालय पुण्यात आहे, फी नाही.

ऑटिझमचं निदान झालेला पहिला म्हणता येईल असा माणूस, अमेरिकेतला डोनाल्ड ट्रिपलेट, बँकेत नोकरी करत होता. लिओ कॅनर यांच्या १९४३च्या निबंधातला तो पहिला रुग्ण. गॉल्फ खेळला, जग फिरला, २०२३ साली ८९व्या वर्षी गेला. ऑटिझमवरच्या भाषणांत हे उदाहरण हटकून येतं. ती बँक त्याच्या घरच्यांची होती, हे मात्र बहुधा सांगायचं राहतं.

विमा

राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना आधी घ्या. न्यासाचा कायदा १९९९चा, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारांसाठी. एक लाखापर्यंत संरक्षण, वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही. ओपीडी आणि थेरपीचाही खर्च त्यात येतो, प्रत्येक बाबीला वेगळी मर्यादा आहे. दारिद्र्यरेषेवरच्यांना पहिल्या वर्षी ५०० रुपये, नूतनीकरण २५०. रेषेखालच्यांना २५० आणि ५०. दाखला लागतो आणि नोंदणी न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत होते. पैसे आधी आपण भरायचे, बिलं लावून मागायचे, म्हणून थेरपीची पावती शिक्क्यासह घ्या. काही थेरपिस्ट पावती द्यायला कुरकुरतात. अशांकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

एक लाखात आजकाल अपेंडिक्सही जेमतेम निघतं, म्हणून नेहमीची पॉलिसीही हवी. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायला लावला, आणि फेब्रुवारी २०२३मध्ये विमा नियामकाने सर्वसाधारण आणि आरोग्य विमा कंपन्यांना दिव्यांगांसाठी स्वतंत्र पॉलिसी काढायला सांगितली. नकार आलाच तर लेखी मागा. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून शून्य झाला आहे, जुना हप्ता त्याप्रमाणे तपासा. निदान लपवून पॉलिसी घेण्याचा सल्ला एजंट देईल. दावा नाकारला जाईल तेव्हा तो फोन उचलणार नाही.

याला हात लावू नका

स्टेम सेल. काही लाखांत जातं, आईवडिलांनी त्यासाठी जमीन विकल्याचं ऐकलंय. २०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत ऑटिझमवर असा उपचार मान्य नाही, आणि राष्ट्रीय वैद्यक आयोगानेही २०२२मध्ये तो करू नये असं सांगितलं. अंगातले ‘जड धातू’ काढणारं किलेशन तर धोक्याचं आहे, त्याने जीव गेल्याची नोंद आहे. प्राणवायूच्या पेटीत बसवणं, उंटिणीचं दूध, गहू-दूध बंद करणं, हेही याच यादीत. दूध पचत नसेल तर सोडा, ऑटिझमसाठी सोडू नका.

सांभाळणारे थकल्यावर

हा भाग माझा नाही, आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचा आहे. त्यांचा मुलगा पस्तीसचा, बोलतो थोडं, चोवीस तास कोणीतरी लागतं. त्यांचं म्हणणं, अठरा पूर्ण झाले की आई-वडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत आणि हे बँकेच्या काउंटरवर कळतं. राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमते. फी नाही, वकील लागत नाही. पण स्वतःचे निर्णय घेणाऱ्या माझ्यासारखीने हा कागद करू नये, हात बांधले जातात.

मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीही सक्तीची नाही, तरी काकूंनी केली. काका सरकारी नोकरीत होते. कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आई-वडिलांमागे आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, पण त्याचं नाव आणि दाखला नोकरीच्या कागदांत जिवंतपणी चढवलेला बरा. काका गेल्यावर ते करायला काकूंना चौदा महिने लागले. निवासी संस्थांत त्यांनी विचारलं तिथे महिना पंचवीस हजारांपासून पुढे, वर काही लाख अनामत आणि प्रतीक्षायादी. त्यांनी नाव घातलंय. पाहायला गेल्या तेव्हा त्यांनी आधी संडास बघितले, मग स्वयंपाकघर, मग फीचा कागद.

रात्री फारच गुदमरलं तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलतात. फोनवर बोलणं जमत नसेल, मला जमत नाही, तर घरातल्या कोणाला लावायला सांगा.

वहीतली या महिन्याची शेवटची नोंद : निरामय नूतनीकरण, २५० रुपये, मुदत ३१ मार्च. खाली आईच्या अक्षरात एक ओळ आहे, तिने मला न विचारता लिहिलेली. ‘गच्चीवर बसायला प्लास्टिकची खुर्ची, ६५०.’